परदेशी नोकरीचं जनजागृती शिबिर (खाडीपट्टा, रत्नागिरी जिल्हा): पोरांनी जावंच, घरच्यांनाही न्यावं

रेटिंग आधीच देते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, आयोजकांच्या नजरेला पडावं म्हणूनच लिहिलंय.

शिबिर कशाचं तर परदेशात नोकरीला निघालेल्या पोरांसाठी. चुकीच्या व्हिसावर किंवा भलत्याच एजंटच्या भरवशावर गेलं तर पुढे काय होतं, आणि पैसे द्यायच्या आधी काय काय तपासायचं, असा विषय. एका सामाजिक संस्थेने ग्रामपंचायत आणि आयटीआयला सोबत घेऊन आमच्या खाडीपट्ट्यात ठेवलं होतं. फी नाही, नाव नोंदवायची भानगड नाही, चहा-वडापाव होता. शिबिर झाल्यावर दर शनिवारी त्यांची दोन माणसं ग्रामपंचायतीत बसतात, कागद तपासून देतात, तेही फुकट. हा रिव्ह्यू दोन्हीचा आहे.

माझं तालुक्याला सीएससी सेंटर आहे. पासपोर्टचे फॉर्म, पोलीस क्लिअरन्स, पॅन, असली कामं दिवसभर चालू असतात, त्यामुळे कोणाचं पोरगं कुठे निघालंय हे मला लवकर कळतं. आमच्याकडे बाहेर जाणं नवीन नाही, आजोबा बोटीवर, वडील कुवेतला नाहीतर सौदीला, चुलते मस्कतला, असं घराघरात आहे. पण आधीच्या पिढीतला माणूस आपल्या माणसाच्या ओळखीने जायचा, व्हिसा पाठवणारा गावचा नाहीतर शेजारच्या गावचा असायचा, काही बिनसलं तर त्याच्या घरी जाऊन बसता यायचं. आता पोरांना इन्स्टावर रील दिसते, टेलिग्रामचा ग्रुप असतो आणि एजंट म्हणून जो बोलतो त्याचं तोंडसुद्धा कोणी पाहिलेलं नसतं. आणि लोटे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर राबून वैतागलेल्या पोराला लाखभर पगार लिहिलेला कागद दिसला की तो दुसरा विचार करत नाही, यात त्याची काय चूक सांगा.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर ‘जाऊ नका’ हा सूर कुठेच नव्हता. मागे एका कॉलेजात असाच कार्यक्रम झाला होता, दुसऱ्या कोणीतरी घेतलेला, तिथे तासभर नुसतं घाबरवलं आणि पोरं मागच्या बाकांवर मोबाईल बघत बसली. ज्याच्या घरावर गल्फच्या पैशाने स्लॅब पडलाय त्याला परदेश वाईट असं सांगून कोण ऐकणार आहे? इथे बोलायला आलेल्या मॅडमनी पहिल्यांदाच सांगून टाकलं की तुम्ही जाणार हे धरूनच आम्ही आलोय, मग आता कागद बघूया. तिथून पोरं सावरून बसली.

मग त्यांनी सगळ्यांना फोन काढायला लावले आणि ई-मायग्रेट पोर्टल उघडायला सांगितलं. हे परराष्ट्र मंत्रालयाचं आहे, २०१४ पासून चालू आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन व्हर्जन आणि मोबाईल ॲप आलं. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटकडे सरकारचं रजिस्ट्रेशन असावंच लागतं आणि असे सगळे एजंट पोर्टलवर शोधता येतात, कोणाचं लायसन्स चालू आहे, कोणाचं संपलंय, कोणाचं रद्द झालंय ते दिसतं. बेकायदेशीर एजंटांची वेगळी यादी पण तिथेच आहे, त्यात ३ हजारांहून जास्त नावं आहेत. मॅडमनी एक गोष्ट दोनदोनदा सांगितली, ती फार महत्त्वाची वाटली. नुसता लायसन्स नंबर बघून खूश होऊ नका, भामटे लोक दुसऱ्याचा खरा नंबर आपल्या लेटरवर छापतात, त्यामुळे पोर्टलवरचं नाव, पत्ता आणि फोन लेटरवरच्याशी जुळतो का ते बघा आणि पोर्टलवर जो फोन आहे त्यावर स्वतः फोन लावून विचारा की हा माणूस तुमचाच का. आणि सब-एजंट म्हणून जो गावोगाव फिरतो, ‘माझी मुंबईत ऑफिसात ओळख आहे’ म्हणणारा, त्याला कायद्यात जागाच नाही.

पैशाचं सांगितलं तेव्हा हॉलमध्ये एकदम गलका झाला. रजिस्टर्ड एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेऊ शकतो, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. मागे बसलेले एक काका उठले आणि म्हणाले, “मग आमच्याकडून पावणेदोन लाख घेतले ते कसले?” मॅडमनी विचारलं पावती आहे का. पावती नव्हती, गुगल पे केलेलं, तेही कोणा तिसऱ्याच्याच खात्यावर. मला वाटलं आता विषय बदलणार, पण त्यांनी काकांना पुढे बोलावलं, स्क्रीनशॉट डिलीट करू नका, चॅट डिलीट करू नका म्हणून सांगितलं, तक्रार पोलीस स्टेशनला कशी द्यायची आणि मुंबईत बीकेसीला विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस) तिथे कशी पाठवायची ते सगळ्यांसमोर समजावलं. त्या काकांच्या निमित्ताने बाकीच्यांनाही कळलं की पैसे गेले तरी दार बंद होत नाही.

ईसीआर-ईसीएनआरचा, म्हणजे पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट आहे की नाही, हा घोळ पण छान सोडवला. आमच्या पोरांचा समज असतो की एअरपोर्टवर काही अडचण आली नाही म्हणजे सगळं लीगल. तर तसं नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, त्याला १८ ठरावीक देशांत नोकरीला जायला सरकारची मंजुरी लागते, त्यात सगळे गल्फवाले आहेत, मलेशिया, थायलंड, इराक, लिबिया वगैरे पण आहेत. त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची असते, दोन वर्षांना २७५ रुपये आणि १० लाखांचं कव्हर. पण आताची पोरं बहुतेक दहावी झालेली, म्हणजे ईसीएनआर, त्यांना ही मंजुरी लागत नाही, म्हणून तिकडून चुकीचा कागद अडवायला पण कोणी नाही. शिकलेलं पोरगं जास्त सेफ असं घरच्यांना वाटतं आणि नेमकं त्याच्याच कागदांकडे कोणी बघत नाही. हा मुद्दा सेंटर चालवून मला माहीत होता, पण इतका नीट मांडलेला पहिल्यांदा ऐकला.

आता त्या ऑफर लेटरबद्दल, शिबिरातला सगळ्यात दमदार भाग तोच होता. खऱ्या पोराला व्हॉट्सॲपवर आलेलं लेटर नाव झाकून पडद्यावर लावलं. बँकॉक, डेटा एन्ट्री, पगार लाखाच्या घरात, राहणं-खाणं फ्री, तिकीट कंपनीचं. आणि पोरांनाच विचारलं, सांगा यात काय खटकतं. पहिल्यांदा कोणी बोलेना. मग एकीने सांगितलं, ईमेल जीमेलचा आहे. मग एकेक सुरू झालं, कंपनीचा पत्ताच नाही, इंटरव्ह्यू फक्त टायपिंग स्पीडचा, एक जण म्हणाला डेटा एन्ट्रीला इथे कोणी पंधरा हजार देत नाही तिकडे लाख कशाला देतील. व्हिसाच्या जागी लिहिलेलं ‘टुरिस्ट, नंतर कन्व्हर्ट होईल’. थायलंडने भारतीयांना २०२३ च्या नोव्हेंबरपासून फिरायला व्हिसा माफ केलाय, त्यामुळे बँकॉकला उतरणं सोपं झालंय, पण त्यावर नोकरी करता येत नाही. आणि त्यात गाडी बँकॉकला थांबतच नाही, ती पोरांना घेऊन थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला जाते, तिथे मोए नदी आहे, रात्री नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी, आणि पोरगं आता दुसऱ्या देशात बेकायदेशीर घुसलेलं. पासपोर्ट काढून घेतात. काम काय तर खोट्या बायकांच्या नावाने प्रोफाईल काढून परदेशातल्या लोकांशी गोड बोलायचं आणि त्यांना क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचं. टार्गेट झालं नाही की मार, शॉक, आणि सोडायचे म्हणून घरच्यांकडे डॉलरमध्ये पैसे मागतात. एका कंपनीकडून दुसरीकडे माणसं विकतात.

मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या दोन विमानांनी तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने ६० पेक्षा जास्त जणांना सोडवून आणल्याचं आणि एजंटांना पकडल्याचं जाहीर केलं. म्हणजे हे लांबचं काही राहिलेलं नाही. हे सांगत असताना हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता होती. डंकीबद्दल, म्हणजे चोरट्या मार्गाने परदेशात घुसण्याबद्दल, थोडंच बोलले, आपल्याकडे त्याचं प्रमाण पंजाब, हरयाणा, गुजरातइतकं नाही, पण ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने जे १०४ जण अमृतसरला परत पाठवले त्यात महाराष्ट्रातले ३ होते.

त्यानंतर एक गाववाले भाई बोलायला उठले, सौदीत बरीच वर्षं काढलेले. भाषण वगैरे काही नाही, खिशातून जुना इकामा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचं कार्ड, काढला आणि पहिल्या बाकावर दिला, म्हणाले बघा आणि मागे द्या. कार्ड हातोहात फिरत होतं आणि ते सांगत होते. आझाद व्हिसावर गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आझाद व्हिसा म्हणजे कागदावर एक कफील, म्हणजे व्हिसा देणारा तिथला मालक, असतो, तो काम देत नाही, त्याला पैसे द्यायचे आणि काम बाहेर कुठेतरी मिळेल ते करायचं. गल्फला गेलेल्या प्रत्येक घरात हा शब्द माहीत आहे आणि लोक ते लीगलच समजतात, कारण व्हिसा खरा असतो, स्टॅम्प खरा असतो. पण दुसऱ्याकडे काम करणं तिथल्या कायद्यात बसत नाही. भाईंच्या कफीलने एका वर्षी जास्त पैसे मागितले, यांनी दिले नाहीत, त्याने हुरूब टाकला, म्हणजे माझा कामगार पळून गेला अशी तक्रार. झालं, इकामा रिन्यू होईना. साईटवर हात मोडला तर सरळ हॉस्पिटलला जायची सोय नाही, एका ओळखीच्या माणसाने रूमवर पट्टी बांधली. त्यांनी बाही वर करून हात दाखवला, हाड वाकडंच जुळलंय. म्हणाले, “मी कोणाला अडवत नाय. पण कफील कोण, काम कोणाकडे, आणि पगार कोण देणार, ही तीन नावं एकच असली पाहिजेत.” एवढंच सांगून बसले. पोरांनी सगळ्यात जास्त ह्यांचंच ऐकलं.

एका पोराने हात वर करून विचारलं की माझा मित्र दुबईला विझिटवर गेला आणि महिन्यात जॉबला लागला, मग त्याचं काय? प्रश्न बरोबर होता, अशी उदाहरणं आहेतच. उत्तर पण सरळ मिळालं. काही जणांना लागतो जॉब, मग कंपनीने त्याचा एम्प्लॉयमेंट व्हिसा काढला तर तो लीगल होतो, पण तोपर्यंत विझिटवर काम करणं गुन्हा आहे, पगार दिला नाही तर तक्रार कुठल्या कागदावर करणार, आणि मुदत संपून राहिलं तर यूएईत दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो. ज्याला लागला तो स्टेटस टाकतो, ज्याला नाही लागला तो परत येऊन कोणाला सांगत नाही. मला हे फार पटलं, कारण माझ्याकडे दोन्ही प्रकारची पोरं येतात.

आता शनिवारच्या डेस्कबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे होते. शिबिराला टाळ्या सगळे वाजवतात. आमच्या वाडीतल्या एका पोराला लाओसची ऑफर आली होती, कस्टमर सपोर्ट, तिकीट पण आलेलं. माझ्याकडे प्रिंट काढायला आला, “ताई, जरा कलर काढा ना.” मी प्रिंट दिली आणि म्हटलं शनिवारपर्यंत थांब. आईला घेऊन गेला, मी पण सोबत गेले. डेस्कवरच्या दादांनी खोटं आहे असं तोंडावर काही सांगितलं नाही. त्यांनी त्यालाच एजंटला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर, आणि एका कागदावर प्रश्न लिहून दिले. वर्क परमिट कोण काढणार, कंपनी कुठल्या गावात आहे, उतरल्यावर न्यायला कोण येणार, कराराची कॉपी निघायच्या आधी मिळेल का. समोरचा पहिल्या दोन प्रश्नांना भाई-भाई करत होता, तिसऱ्याला चिडला, “इतना सोचेगा तो रह जाएगा, दस लडके लाईन में खडे हैं,” आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने बघितलं तर ब्लॉक. मग दादांनी दूतावासाची सूचना मोबाईलवर दाखवली, लाओसमध्ये टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याला वर्क परमिट मिळत नाही, आणि गोल्डन ट्रँगलच्या बाजूला, म्हणजे लाओस, थायलंड आणि म्यानमारच्या सीमा मिळतात तिथे, तसलेच फसवणुकीचे अड्डे आहेत. पोरगं रडवेलं झालं होतं, साहजिक आहे, सगळ्या मित्रांना सांगून बसलेलं. दादांनी त्याला तसंच घरी नाही पाठवलं, त्याचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट बघितलं, पोर्टलवरचे दोन-तीन रजिस्टर्ड एजंट काढून दिले, ओमानच्या एका जागेसाठी त्याने अर्ज केलाय, अजून काही कळलेलं नाही. पण निदान तो कुठे आहे हे त्याच्या आईला माहीत आहे.

डेस्कचा व्हॉट्सॲप नंबर पण आहे, लेटर पाठवलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर येतं असा माझा अनुभव. शनिवारी गर्दी वाढलीय, थांबायची तयारी ठेवा.

आता कापलेला स्टार.

पहिलं म्हणजे वेळ. मंगळवारी सकाळी अकरा. ज्या पोरांसाठी हे ठेवलं ती त्या वेळी फर्स्ट शिफ्टला असतात. हॉलमध्ये आयटीआयची मुलं होती, ती सरांनी आणलेली, चांगलंच आहे, पण वर्षा-दोन वर्षांपूर्वी पास होऊन घरी बसलेली किंवा कंपनीत वैतागलेली पोरं, जी खरोखर निघायच्या तयारीत असतात, ती मोजकीच दिसली.

दुसरं, आणि हे मला फार लागलं, बोटीबद्दल एक अक्षर नाही. रत्नागिरी-रायगडात शिबिर घेता आणि मर्चंट नेव्हीचा विषय नाही? आमच्याकडे ‘शिपवर लावतो’ म्हणून तीन-चार लाख घेणारे गल्लीगल्लीत आहेत. खलाशाला बोटीवर भरती करायला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजांच्या खात्याचं, आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स लागतं, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे, एक रुपया पण नाही. हे किती घरांना माहीत आहे? ई-मायग्रेटवर ह्या कंपन्या शोधून उपयोग नाही, त्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर असते. लायसन्स नसलेल्याच्या नादाने पोरं कुठल्यातरी जुनाट बोटीवर चढतात, मालक पगार बंद करतो, बोट परक्या बंदरात अडकते आणि पोरगं महिनोन्महिने उतरू शकत नाही. असं वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत २०२४ मध्ये सगळ्यात जास्त आपलेच लोक होते. आयोजकांनी पुढच्या वेळी एखादा निवृत्त कॅप्टन नाहीतर चीफ इंजिनियर बोलवावा, आमच्याकडे गावोगाव आहेत, आनंदाने येतील.

तिसरं, बायका. खुर्च्यांवर बोटावर मोजण्याइतक्या. अहो, पोराला पाठवायचं की नाही हे घरात ठरतं, आणि एजंटला द्यायचे पैसे आईच्या बांगड्या गहाण ठेवून नाहीतर बचत गटाच्या कर्जातून येतात. माझ्या समोरच्या पतपेढीत मी हे बघते. जिच्या सहीने पैसा उभा राहतो तिलाच ३५,४०० चा आकडा माहीत नाही. बचत गटाच्या मीटिंगमध्ये अर्धा तास मागून घेतला तर शंभर पोस्टरचं काम होईल.

आणि मारहाणीचा जो व्हिडिओ दाखवला तो नको होता असं माझं स्पष्ट मत आहे. लेटरचा भाग आणि भाईंचा हात, त्यातच सगळं आलं होतं. हॉलमध्ये अशी घरं होती ज्यांची पोरं आत्ता बाहेर आहेत, एक मावशी मध्येच उठून गेल्या. स्लाईडवरचं इंग्रजी पण कमी करा, बोलणं इतकं सोपं मराठीत आणि पडद्यावर सगळं इंग्रजी असं कशाला.

पोर्टलबद्दल सेंटरवाली म्हणून थोडं. एजंट शोधायला लॉगिन लागत नाही, मोबाईलवर होतं. नावाचं स्पेलिंग थोडं इकडेतिकडे झालं तर सापडत नाही, तेव्हा पूर्ण नाव न टाकता पहिला शब्दच टाकून बघा. २०२४ मध्ये सीएससीसोबत परराष्ट्र मंत्रालयाचा करार झालाय, त्यामुळे ज्यांना फोनवर जमत नाही त्यांनी जवळच्या सीएससीत जाऊन विचारावं. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११-३०९० आहे, शिबिरात सगळ्यांना सेव्ह करायला लावला, तुम्ही पण करा. निघायच्या आधीचं एक दिवसाचं सरकारी ट्रेनिंग असतं, पीडीओटी म्हणतात, तेही फुकट आहे, आमच्या पोरांना त्याचं नावच माहीत नसतं. परदेशात असताना पगार किंवा पासपोर्टवरून अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकता येते, घरून आई-वडील पण टाकू शकतात.

आयोजकांना शेवटची विनंती, पुढचं शिबिर गणपतीत ठेवा, नाहीतर मे महिन्यात, संध्याकाळी सहानंतर. तेव्हा मुंबईवाले घरी असतात, बोटीवरून सुट्टीला आलेले असतात, गल्फवाले पण बरेच येतात, सगळं घर एका जागी असतं. हॉल मिळाला नाही तर शाळेचं पटांगण आहे, खुर्च्या-माईकचं आम्ही बघतो. आणि ज्यांच्या हातात आत्ता ऑफर लेटर आहे त्यांनी शिबिराची वाट बघू नये, येत्या शनिवारी दहा ते दोन, ग्रामपंचायत, पासपोर्ट आणि लेटरची कॉपी घेऊन या, मूळ पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका.